खाऱ्या-गोड्या पाण्याचे अभ्यासक डॉ. पणिक्कर

कुलदैवताच्या दर्शनासाठी गोव्यास जाणारी कित्येक कुटुंबे आपल्या शहरात आहेत. पेडण्याच्या तेरेखोल व शापोरा नद्या, डिचोलीच्या सीमेवरची मांडवी आणि या नद्यांकाठची खाजने त्यांनी पाहिली असतील. भरतीचे खारे पाणी अडविण्यासाठी मातीचे बांध घालावयाचे, बांधात ‘मानस’ म्हणजे झडपांचे दार बसवावयाचे, पावसाळ्यात खारेपणा सोसणारे कोरगूट भात पिकवावयाचे आणि कापणीनंतर तेथेच कोळंबी वाढू द्यावयाची, अशी ही फार जुनी रीत आहे. समुद्रातला जीव अशा कधी खाऱ्या, कधी गोड्या पाण्यात तगतो कसा, या कोड्याचा शास्त्रीय उलगडा करण्यात ज्यांचे तारुण्य गेले, ते डॉ. एन. केशव पणिक्कर पुढे गोव्यातील सागरविज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

पणिक्करांचा जन्म 1913 साली केरळात झाला. मद्रास विद्यापीठात शिकत असता त्यांचे लक्ष शहराजवळच्या निमखाऱ्या पाण्याकडे वेधले. तेथील जीवसृष्टीवर प्रा. गोपाळ अय्यर यांच्यासमवेत लिहिलेला त्यांचा निबंध 1937 साली प्रसिद्ध झाला. नंतर ते इंग्लंडला गेले आणि महायुद्धाच्या आरंभीच्या वर्षांत प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी कोळंबीवर प्रयोग केले.

सामान्यतः समुद्रातील बिनकण्याच्या प्राण्यांचे रक्त सागराइतकेच खारट असते. पणिक्करांनी तपासलेल्या कोळंबीची तऱ्हा निराळी निघाली. भर समुद्राच्या पाण्यात तिचे रक्त पाण्याहून कमी खारट राही. पाणी अळणी केले की ते पाण्याहून अधिक खारट राही. बाहेर काहीही होवो, आतला तोल ती फारसा ढळू देत नसे. शिवाय पाणी उबदार असेल, तर अळणीपणा सोसणे तिला सोपे जाते, असेही त्यांना दिसले. उष्ण देशांत सागरी कुळाचे इतके जीव खाड्यांतून नद्यांत कसे चढले, याचे एक उत्तर त्यातून मिळाले.

हा शोध केवळ विद्वानांच्या कामाचा नव्हता. बाजारात येणाऱ्या अनेक जातींच्या कोळंबीची अंडी समुद्रात पडतात. चिमुकली पिले भरतीबरोबर खाडीत येतात, तेथे वाढतात आणि मोठी होऊन समुद्राकडे परततात. म्हणजे दर्यावर्दी कोळ्याच्या जाळ्यातील कोळंबीचे बालपण बहुधा कुठल्याशा खाडीत गेलेले असते. खाडी हे समुद्राचे माहेर आहे, असेच म्हणावे लागेल.

स्वदेशी परतल्यावर पणिक्करांकडे मोठी कामे आली. 1947 साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे ते पुढील दशकात संचालक होते. 1960 ते 1965 या काळात अनेक राष्ट्रांच्या जहाजांनी हिंदी महासागराची पाहणी केली. तीत भारतीय कार्यक्रमाची धुरा त्यांच्यावर आली. नौदलाचे ‘किस्तना’ आणि ‘वरुणा’, ‘कॉन्च’ यांच्याबरोबर ‘बांगडा’ या आपल्याला जवळच्या नावाचे जहाजही या कामी होते. त्या मोहिमेचे फळ म्हणजे 1 जानेवारी 1966 रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. प्रारंभी तिचे कार्यालय दिल्लीत होते. पुढे ती गोव्यात आली आणि दोना पावला येथे स्थिरावली. 1961 अखेर मुक्त झालेल्या या चिमुकल्या प्रदेशाला सागरविद्येचे पीठ लाभले. 1976 साली संस्थेला ‘गवेषणी’ हे संशोधन जहाज मिळाले. पुढच्याच वर्षी, 1977 मध्ये, पणिक्कर निवर्तले.

आज गोव्यात ठिकठिकाणी खाजनांचे बांध फुटले आहेत. शेती सोडलेल्या जागी खारफुटी माजली आहे, तर कोठे भराव पडले आहेत. नुकसान केवळ भाताचे आहे असे समजून आपण हळहळतो. परंतु पणिक्करांचे काम ध्यानात घेतले, तर हिशेब याहून मोठा निघतो. ज्यांनी अखेरीस महासागर मोजविला, त्यांनी आरंभ केला होता शहराजवळच्या निमखाऱ्या पाण्यापासून. सागराची चिंता वाहणाऱ्यांनी प्रथम खाडीकडे पाहावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय. पुढील खेपेस देवदर्शनाहून परतताना मानसेवर घटकाभर थांबावे; ओहोटीच्या पाण्याबरोबर समुद्राकडे निघालेली कोळंबी कदाचित दिसेल.