रेने लेनेक

रेने लेनेक यांचा जन्म १७८१ साली फ्रान्समधील कँपेर या गावी झाला. ते पाच वर्षांचे असताना त्यांची आई वारली. पुढे वैद्यकी करणाऱ्या चुलत्यांनी त्यांना वाढविले. त्यांच्या सहवासात रेने यांना वैद्यकाची गोडी लागली व १८०१ साली ते शिक्षणासाठी पॅरिसला गेले.

त्या काळी वैद्य रोग्याची छाती बोटांनी ठोकून पाहत किंवा तिला कान लावीत. १८१६ साली लेनेक यांच्याकडे हृदयविकाराची एक तरुण स्त्री आली. ती स्थूल असल्याने ठोकून काही कळेना आणि छातीला कान लावणेही संकोचाचे वाटले. तोच त्यांना आठवले, की लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडल्यास दुसऱ्या टोकाशी तो आवाज ऐकू येतो. त्यांनी कागदाची घट्ट सुरळी करून तिचे एक टोक छातीवर ठेवले व दुसरे कानाशी धरले. हृदयाचे ठोके अगदी स्पष्ट ऐकू आले!

मग त्यांनी लाकडी नळी बनविली. श्वासाच्या कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे शोधून १८१९ साली त्यांनी ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु पुढे त्यांनाच क्षयाने गाठले. इतरांचा क्षय ज्या आवाजांवरून ते ओळखीत, तेच आवाज त्यांच्या छातीतही उमटू लागले. १३ ऑगस्ट १८२६ रोजी, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आज फुप्फुसांचा जुनाट विकार जडलेला रोगी घरीच असतो आणि त्याच्या अंगावरील लहानशी उपकरणे त्याच्या श्वासाची वार्ता दूरच्या डॉक्टरांना कळवितात. छातीला कान न लावता छाती ऐकण्याची वाट मात्र त्या कागदाच्या सुरळीने दाखविली.