डेव्हिड ससून

पुण्याचे ससून रुग्णालय कोणास ठाऊक नाही? जालन्यासारख्या दूरच्या जिल्ह्यातही ते नाव लोकांच्या तोंडी असते. परंतु ससून हे एका घराण्याचे नाव आहे, त्या घराण्यातील एका गृहस्थास प्राण वाचविण्यासाठी जन्मभूमी सोडावी लागली होती आणि ती जन्मभूमी दूर बगदादेस होती, हे फार थोड्यांस माहीत असते.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ साली बगदाद शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. बगदादवर त्या वेळी तुर्कांच्या बादशहाचा अंमल होता. त्या प्रदेशात ज्यू लोक दोन हजारांहून अधिक वर्षे राहत आले होते. डेव्हिड यांचे वडील सालेह ससून हे आपल्या समाजाचे प्रमुख होते व बगदादच्या पाशाचा, म्हणजे सुभेदाराचा, खजिनाही तेच सांभाळीत. वडिलांमागे हा मान डेव्हिड यांच्याकडे यावयाचा होता. पण १८१७ साली दाऊद पाशा सुभेदार झाला आणि दिवस पालटले. सधन ज्यूंना पकडावे, कोठडीत घालावे आणि पैसा उकळावा, असा त्याचा क्रम सुरू झाला. अनेक कुटुंबांनी शहर सोडले.

पुढे डेव्हिड यांनाही कैद झाली. वृद्ध पित्याने मोठी रक्कम भरून मुलास सोडविले, परंतु त्यांनी तत्काळ बगदाद सोडावे, अशी अट होती. डेव्हिड नदीमार्गे बसऱ्यास आणि तेथून इराणच्या किनाऱ्यावरील बुशहर बंदरात पोहोचले. निघताना त्यांच्या अंगरख्याच्या अस्तरात मोती शिवून दिले होते, असे सांगतात. घरची माणसे मागाहून त्यांना येऊन मिळाली. वडीलही आले, मात्र परमुलखातील ते जिणे त्यांस फार दिवस लाभले नाही. १८३० साली बुशहर येथेच त्यांचा अंत झाला.

१८३२ च्या सुमारास डेव्हिड ससून बायकामुलांसह मुंबईस आले. पारशी, गुजराती, खोजे, अरब अशा नाना जातिधर्मांचे व्यापारी तेथे शेजारी शेजारी नांदत होते आणि धर्मासाठी कोणास कोठडीत जावे लागत नव्हते. मुंबईत ज्यूही होतेच. कोकणात कित्येक शतकांपूर्वी येऊन तेलाचा धंदा करणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे आणि घरात मराठी बोलणारे बेने इस्रायल लोक, ज्यांना आपल्याकडे शनिवार तेली म्हणत, ते मुंबईतही स्थायिक झाले होते. बगदादहून आलेली मंडळी आरंभी त्यांच्याच प्रार्थनामंदिरात जात. पुढे मात्र हे धनिक झालेले पाहुणे आपल्या या यजमानांपासून अंतर राखून वागू लागले, ही गोष्ट काही शोभेची झाली नाही.

ससून यांस अरबी उत्तम येत असल्याने आखाताकडून येणाऱ्या गलबतवाल्यांशी त्यांचा व्यवहार लवकर जमला. विलायती कापड तिकडे पाठवावे, तिकडचा माल येथे विकावा, असे करीत पेढी वाढली. आपल्याकडच्या कापसाचाही व्यापार त्यांनी केला. पण त्यांच्या संपत्तीचा मोठा भाग चीनला जाणाऱ्या अफूतून आला, हे झाकून ठेवता येत नाही. इंग्रज सरकार स्वतःच त्या व्यापारावर पैसा मिळवीत होते, हे खरे. परंतु त्या अफूने चीनमधील असंख्य संसार धुळीस मिळाले, हेही तितकेच खरे आहे.

मुंबईत बस्तान बसल्यावर ससून यांना मागे राहिलेल्यांचा विसर पडला नाही. बगदादचे आणि सीरियाचे ज्यू तरुण त्यांच्याकडे येऊ लागले. कोणी नातलग, कोणी नातलगाचा नातलग, तर कोणी केवळ गाववाला. त्यांना येथील भाषा येत नसे. राहण्यास घर नसे. ससून यांनी त्यांच्या राहण्याची सोय केली, मुलांसाठी शाळा काढली, पेढीवर कामास लावले. पेढीचा पत्रव्यवहार अरबी भाषेत पण हिब्रू लिपीत चाले. त्यामुळे नवख्यासही कारकुनी करता येई, आणि परक्यास ती पत्रे वाचता येत नसत! शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, पेढी बंद असे. काम शिकून तयार झालेला तरुण कलकत्ता, रंगून, हाँगकाँग किंवा शांघाय येथील शाखेत जाई. तेथे स्थिर झाला की तोही आपल्या भावास, मेहुण्यास बोलावून घेई. विश्वासाची माणसे मिळाल्याने पेढीचा फायदा झाला हे उघडच आहे; पण घरदार सोडून आलेल्यास त्या दिवशी पोटास अन्न आणि हातास काम मिळाले, हेही खरे.

१८५३ साली ससून इंग्रजी प्रजाजन झाले, तेव्हा त्या कागदावर त्यांनी हिब्रूत सही केली. इंग्रजी लिहिणे त्यांना कधी साधले नाही. बगदादी पागोटे आणि पायघोळ झगा हाच त्यांचा अखेरपर्यंतचा पोशाख होता.

त्यांच्या दानधर्माची व्याप्ती हळूहळू आपल्या माणसांपलीकडे गेली. मुंबईत चुकलेल्या मुलांना तुरुंगाऐवजी उद्योग शिकविणाऱ्या शाळेस त्यांनी साहाय्य केले. भायखळ्यास मागेन डेव्हिड हे प्रार्थनामंदिर उभारले. पुण्याची हवा त्यांना मानवली होती. तेथे १८६३ साली सर्व जातिधर्मांच्या गोरगरीब रुग्णांसाठी रुग्णालयाचा पाया घातला गेला, आणि त्याच सुमारास लष्कर भागात ओहेल डेव्हिड या प्रार्थनामंदिराचे कामही सुरू झाले.

ही दोन्ही कामे पूर्ण झालेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. नोव्हेंबर १८६४ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले. मुलांनी बांधकाम पुढे चालविले व १८६७ साली दोन्ही इमारती उभ्या राहिल्या. प्रार्थनामंदिर लाल विटांचे असल्याने पुणेकर त्यास लाल देऊळ म्हणतात. त्याच्या उंच मनोऱ्यावर घड्याळ आहे. बगदादहून हाकलून दिलेल्या या गृहस्थांची समाधी त्याच आवारात आहे.