बायोस हे नाव देणारे गॅरी किल्डॉल

दिवाळीत अर्जुनी मोरगावला गेलो तेव्हा मामेभावाने जुना लॅपटॉप पुढे ठेवला. पठ्ठ्याने उबुंटूचं पार्टिशन डिलीट केलं होतं. आता विंडोजही सुरू होईना, काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब रेस्क्यू'. सगळे फोटो गेले म्हणून तो रडकुंडीला आलेला. दुरुस्ती करता करता त्याला गॅरी किल्डॉल यांची गोष्ट सांगितली.

किल्डॉल यांचा जन्म १९४२ चा, सिअॅटलचा. कॅलिफोर्नियात नौदलाच्या संस्थेत शिकवत असताना, १९७४ मध्ये त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली. मशीननुसार बदलणारा भाग वेगळा काढून त्याला बायोस नाव दिलं. त्यामुळे एकच सिस्टिम कितीतरी कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालू लागली. १९८० मध्ये आयबीएमशी त्यांचं जुळलं नाही आणि पीसीवर मायक्रोसॉफ्टची डॉस आली. नंतर आयबीएमने सीपी/एमही विकायला ठेवली, पण २४० डॉलरला. डॉस मात्र ४० डॉलरला! १९९१ मध्ये त्यांची कंपनी नोव्हेलने घेतली. १९९४ मध्ये, ५२व्या वर्षी ते गेले. सीपी/एम मागे पडली, बायोस हे नाव राहिलं.

भावाच्या लॅपटॉपमध्येही असंच काहीतरी राहिलं होतं. बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतं. तिथला ग्रबचा कोड डिलीट झालेलं पार्टिशन शोधत बसला होता. विंडोजच्या पेनड्राइव्हने बूट करून, रिपेअरमधल्या कमांड प्रॉम्प्टवर 'बूटरेक /फिक्सएमबीआर' दिलं. ही कमांड फक्त बूट कोड नव्याने लिहिते, पार्टिशन टेबलला हात लावत नाही. विंडोज सुरू झालं, फोटो जिथल्या तिथे.

तुमचा लॅपटॉप नवा, यूईएफआयवाला असेल तर ही कमांड नको. तिथे बूट ऑर्डरमध्ये विंडोज बूट मॅनेजर सगळ्यात वर आणा.