सर विठ्ठलदास ठाकरसी : कापडगिरणीपासून सहकारापर्यंत

पुणे जिल्ह्यातील निमोणे ज्या शिरूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील करडे गावच्या शेतकऱ्यांनी १८७४ च्या अखेरीस सावकारांवर बहिष्कार टाकला. अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली होती. १८६५ नंतर भाव कोसळले. कर्ज मात्र उरले. १२ मे १८७५ रोजी सुप्याला दंगल उसळली आणि तिचे लोण शिरूरपर्यंत पसरले. याच दशकात, १८७३ मध्ये, मुंबईच्या एका भाटिया व्यापारी घराण्यात विठ्ठलदास दामोदर ठाकरसी यांचा जन्म झाला. कापूस हाच त्या घराण्याच्या वैभवाचा पाया होता.

हिंदुस्थान, क्राउन आदी कापडगिरण्यांचा कारभार सांभाळत असतानाच विठ्ठलदासांनी सार्वजनिक जीवनात पाऊल टाकले. ते मुंबई महापालिकेचे सभासद झाले आणि १९०७ मध्ये अध्यक्षही. १९०८ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. प्रांतिक आणि मध्यवर्ती अशा दोन्ही कायदे मंडळांत त्यांनी काम केले.

तथापि त्यांची खरी दूरदृष्टी दिसली ती शेतीच्या पतपुरवठ्यात. १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था निघाल्या. परंतु त्यांना भांडवल पुरवणारी मोठी पेढी नव्हती. शेतकऱ्याची पत गावात नाही, ती शहरातील भांडवलाशी जोडली पाहिजे, हे या गिरणीमालकाने ओळखले. लल्लूभाई सामळदास यांच्यासह त्यांनी सरकारकडे पाठपुरावा केला आणि १९११ मध्ये मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक उभी राहिली. तिच्या कर्जरोख्यांवरील चार टक्के व्याजाची हमी सरकारने घेतली. नीरा कालव्यावरील ऊस बागायतदारांच्या संस्थांना या बँकेचा आधार मिळाला. आजची महाराष्ट्र राज्य सहकारी बँक ही तिचेच विस्तारलेले रूप होय.

दुसरे कार्य स्त्रीशिक्षणाचे. टोकियोतील महिला विद्यापीठ पाहून विठ्ठलदास प्रभावित झाले होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला पैशांची नितांत गरज होती. १९२० मध्ये विठ्ठलदासांनी त्यासाठी पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. विद्यापीठाला स्वतःचे नव्हे, तर आई नाथीबाई यांचे नाव देण्यात आले.

१९२२ मध्ये, पन्नाशी गाठण्याआधीच, त्यांचे निधन झाले. पत्नी लेडी प्रेमलीला यांनी त्यांचे कार्य पुढे नेले. १९३३ मध्ये महात्मा गांधींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले ते ठाकरसींच्या पुण्यातील 'पर्णकुटी'त. १९५१ मध्ये विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली, तेव्हा कुलगुरुपदी प्रेमलीलाबाईच आल्या. मुंबईतील गिरण्यांचे भोंगे थांबून आता बराच काळ लोटला आहे. पण त्या गिरण्यांच्या पैशातून उभे राहिलेले विद्यापीठ आणि एका गिरणीमालकाच्या पुढाकाराने निघालेली बँक यांचे काम अजूनही चालू आहे.