हर्ट्झ यांची आंदोलने

संगणकाला तारेवाचून इंटरनेटशी जोडणारे बोटभर कार्ड विकत आणले, की त्याच्या वेष्टनावर २.४ गिगाहर्ट्झ असे छापलेले दिसते. आम्हा संगीत शिकवणाऱ्यांना हर्ट्झ हा शब्द परका नाही. आमच्या पुस्तकांतून मध्य षड्जाची सेकंदाला २४० आंदोलने मानतात. तेच २४० हर्ट्झ. कार्डाची आंदोलने २४० कोटी! षड्जाला मात्र हवा लागते. कार्डाची लहर विद्युत्-चुंबकीय, तिला हवेचीही गरज नाही. ज्यांच्या नावाने ही दोन्ही मोजली जातात ते हाइन्रिख हर्ट्झ अवघी छत्तीस वर्षे जगले.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग येथे, एका वकिलाच्या घरी झाला. आधी इंजिनिअर होण्याचा बेत होता, पण ओढ शास्त्राची. शेवटी बर्लिनला ते हेल्महोल्ट्झ यांचे शिष्य झाले. कान स्वर कसा ओळखतो यावर १८६३ साली मोठा ग्रंथ लिहिणारे हेच ते हेल्महोल्ट्झ. शिष्याने या गुरूकडून काय घेतले असेल, तर अनुनादाचे मर्म, असे मला वाटते. सतारीच्या बाजाच्या तारेवर गंधार छेडला, की तरफेची गंधारात मिळवलेली तारच तेवढी आपोआप बोलू लागते. शेजारच्या गप्प राहतात.

प्रकाश ही विद्युत्-चुंबकीय लहर आहे, असे मॅक्सवेल यांनी १८६५ च्या सुमारास गणिताने मांडले होते. तशी लहर प्रत्यक्ष निर्माण करून कोणी दाखवलेली नव्हती. १८८५ साली हर्ट्झ कार्ल्सरूह येथे प्राध्यापक झाले आणि पुढच्या वर्षी या उद्योगाला लागले. एका बाजूला विजेची ठिणगी पाडून लहर उठवायची, आणि काही अंतरावर तारेचे एक कडे धरायचे, ज्याच्या दोन टोकांत केसाएवढी फट. कड्याचा आकार नेमका जुळला, की त्या फटीतही बारीकशी ठिणगी उमटे. ती दिसावी म्हणून खोलीत अंधार करून बसावे लागे. ही तरफच नव्हे काय? कोठे तारेने तार जोडलेली नाही, आणि तरी पलीकडची बोलते.

मग त्यांनी भिंतीवर चार मीटर उंच आणि दोन मीटर रुंद जस्ताचा पत्रा लावला. लहर त्यावर आपटून परते, जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळत, आणि खोलीत काही जागी ठिणगी जोरात, तर काही जागी मुळीच नाही. बंद लाकडी दारातून लहर पलीकडे गेली, धातूपुढे अडली. घरातले कार्ड आजही याच नियमाने वागते. लोखंडी कपाटाआड त्याला राउटरचे नीट ऐकू येत नाही, आणि संगणक वीतभर सरकवला तरी कधी एकदम सुधारणा होते. कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. कार्डाचा अँटेना त्या लहरीला जुळवलेला असतो, आणि आतले मंडल ठरल्या चॅनेलची लहर निवडते. तिचा जोर आणि तिची कला यांत केलेल्या सूक्ष्म बदलांतून ते अक्षरे, चित्रे, गाणी वाचते. पाठवताना हेच उलट.

या लहरींवरून टेलिफोन चालेल काय, असे १८८९ साली एका इंजिनिअरने हर्ट्झ यांना पत्राने विचारले. त्यांचे उत्तर नकारार्थी होते. बोलण्याची आंदोलने सेकंदाला हजाराच्या घरात; तेवढ्या मंद लहरीची लांबी तीनशे किलोमीटर होते, मग तिच्यासाठी आरसा केवढा लागेल? हिशेब बिनचूक होता. मंद आवाज शीघ्र लहरीच्या पाठीवर बसवून न्यावा, ही युक्ती पुढची. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर गाणे चढते, तितकी ती आज आपल्याला साधी वाटते.

त्याच वर्षी ते बॉनला गेले. १८९२ पासून डोक्याच्या हाडातल्या रोगाने ग्रासले. शस्त्रक्रिया पुन्हापुन्हा झाल्या, आणि १ जानेवारी १८९४ रोजी ते निवर्तले. मागे पत्नी एलिझाबेथ आणि दोन लहान मुली. त्याच वर्षी त्यांच्यावरचा मृत्युलेख वाचून तरुण मार्कोनी बिनतारी संदेशाच्या नादी लागला. १८९५ मध्ये कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी याहून कितीतरी आखूड लहरींचे प्रयोग करून दाखवले.

हर्ट्झ यांच्या वडिलांचे घराणे मूळचे ज्यू, पुढे ख्रिस्ती झालेले. १९३३ साली जर्मनीत नाझी सत्तेवर आले, तेव्हा एवढे पुरेसे होते. धाकटी मुलगी मॅथिल्ड प्राण्यांच्या दृष्टीचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ. तिचा अध्यापनाचा हक्क काढून घेतला गेला. म्हातारी आई आणि दोघी मुली देश सोडून इंग्लंडात केंब्रिजला राहिल्या. १९६० साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने हर्ट्झ हे एकक स्वीकारले.