बालकवी

त्र्यंबक बापूजी ठोंबरे ऊर्फ बालकवी (जन्म : धरणगाव, १३ ऑगस्ट १८९०, मृत्यू : भादली, ५ मे १९१८) हे निसर्गकवितेसाठी प्रसिद्ध असलेले मराठी कवी होते.

वडील पोलीस खात्यात होते. त्यांच्या वारंवार होणाऱ्या बदल्यांमुळे बालकवींचे शिक्षण सलग झाले नाही. कवितेची गोडी मात्र थोरल्या बहिणीच्या सहवासात लागली. १९०७ साली जळगाव येथील पहिल्या महाराष्ट्र कविसंमेलनात त्यांचे काव्यवाचन ऐकून अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली.

रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांनी अहमदनगरच्या आपल्या घरी त्यांना पुत्रवत सांभाळले. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या भावाबहिणींसारख्या भांडखोर, हट्टी व लाघवी ‘ठोंबऱ्या’च्या आठवणी आल्या आहेत.

‘फुलराणी’, ‘श्रावणमास’ व ‘निर्झरास’ या कवितांत निसर्ग सजीव होऊन वावरतो, तर ‘पारवा’ व ‘खेड्यातील रात्र’ यांत कवीच्या मनातील खोल औदासीन्य प्रकटते.

भादली रेल्वे स्थानकाजवळ रूळ ओलांडताना आगगाडीखाली सापडून वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. मागे पत्नी पार्वतीबाई राहिल्या. पितृतुल्य टिळकही पुढच्याच वर्षी, मे १९१९ मध्ये निवर्तले.