त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके

निवृत्तिनाथांच्या समाधीला जाणारे आपण वारकरी, पण त्याच त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके जन्मले, हे आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. मुंबईची जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, मग फोटोग्राफी, छपाई, जादूचे खेळसुद्धा. सगळे करून झाले, पण जीव कुठे रमेना.

१९१०-११ च्या सुमारास मुंबईत येशू ख्रिस्ताचा मुका चित्रपट त्यांनी पाहिला. पडद्यावर ख्रिस्त, आणि ह्यांच्या डोळ्यांपुढे राम नि कृष्ण! मग वेडच लागले. अभ्यासाच्या ताणाने दृष्टी जाण्याची पाळी आली. उपचारांनी ती वाचली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली विलायतेस गेले, कला शिकले, कॅमेरा घेऊन आले.

ह्या खटाटोपात अर्धा वाटा सरस्वतीबाईंचा, आणि तो सांगायचा राहूनच जातो. माउलीने दागिने दिले. दादरच्या घरी नटमंडळींचा स्वयंपाक केला, आणि रात्री अंधारात बसून फिल्मच्या पट्टीला भोके पाडली. उजेड परतवण्यासाठी भर उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या त्याही ह्याच. तारामतीच्या कामाला मात्र बाई मिळेना. वेश्यावस्तीतूनही नकार आला! शेवटी खानावळीत राबणारे अण्णा साळुंके तारामती झाले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला.

१९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम साळुंके आणि सीताही साळुंकेच. तरी पडद्यावर राम दिसताच माणसे हात जोडीत. ही फसवणूक का? मला तसे वाटत नाही. चित्रपट कसे तयार करतात, ह्यावरही फाळक्यांनी एक चित्रपट काढला होता. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची चिमुकली मंदाकिनी कृष्ण झाली. तिथे तर आधी मुलीचा साधा चेहरा दाखवला, आणि लोकांच्या देखत तोच विरघळून कृष्ण झाला. काहीच लपवले नाही, तरी नमस्कार थांबले नाहीत.

पुढे भागीदारांशी बिनसले. विटून काशीला जाऊन राहिले, तिथे ‘रंगभूमि’ नाटक लिहिले, पुन्हा परतले. पण बोलपटांचा जमाना आला आणि त्यांचा काळ सरला. कोल्हापूरला केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला, हलाखीत आणि विस्मरणात, दादासाहेब गेले.